बोटाची जखम आणि औषधाचें पथ्य

सोलापूर शहरांत डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचें घर आज स्मारक म्हणून जतन केलेलें आहे. परगांवचा पाहुणा आला म्हणजे सिद्धेश्वराचें तळें व भुईकोट किल्ला यांबरोबर हें घरही त्याला दाखवावें, असा आमचा परिपाठ आहे. पाहुणा तसबिरी पाहतो, चीनच्या युद्धाविषयीं दोन गोष्टी विचारतो, आणि निघतांना बहुधा एक प्रश्न करतो: कोटणीस ज्या रुग्णालयाचे प्रमुख होते त्याला बेथ्यून हें परकें नांव कां? ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणून आम्हांस दर वेळीं एका बोटाची गोष्ट सांगावी लागते. तीच गोष्ट ह्या निबंधाचा आरंभ होय.

नॉर्मन बेथ्यून हा कॅनडांतील शस्त्रवैद्य. जपानशीं लढणाऱ्या चिनी सैन्यांतील जखमींची सेवा करण्यासाठीं तो १९३८ सालीं चीनमध्यें गेला. त्याच वर्षीं आपल्या राष्ट्रसभेनें, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असतांना, पांच डॉक्टरांचें पथक चीनला पाठविलें. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि आमचे कोटणीस असे ते पांच जण होते. १९३९ च्या शरदृतूंत एका जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करतांना बेथ्यूनच्या बोटाला कापलें. हातांत रबरी मोजे नव्हते. जखम अशी कीं एरवीं कोणी तिच्याकडे लक्षही दिलें नसतें. परंतु तिच्यांतून जंतु शिरले, हात सुजला, विष रक्तांत भिनलें, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं, तो मरण पावला. कित्येकांचे हातपाय ज्यानें वांचविले त्याला स्वतःचें एक बोट वांचवितां आलें नाहीं. पुढें त्याचें नांव रुग्णालयास देण्यांत आलें, आणि १९४१ च्या जानेवारींत कोटणीस त्याचे प्रमुख झाले. तेही ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच निवर्तले. मात्र त्यांचा अंत जंतुदोषानें नव्हे, तर अपस्माराच्या झटक्यांनीं झाला.

बेथ्यूनच्या मृत्यूंत अपूर्व असें कांहीं नव्हतें. त्या काळापर्यंत माणसें अशींच मरत असत. कांटा रुतला, दाढ सुजली, गळूं चिरलें, बाळंतिणीला सूतिकाज्वर आला, एवढें निमित्त मृत्यूला पुरत असे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि पुढील वर्षांत तो दख्खनभर पसरला, तेव्हां गांवें ओस टाकून माळावर झोपड्या बांधून राहण्यापलीकडे लोकांच्या हातीं फारसा उपाय नव्हता. हाफकिनची लस १८९७ सालीं निघाली. ती रोग टाळण्यास साहाय्य करी, परंतु झालेला रोग बरा करील असें औषध कोठेंच नव्हतें. आज त्याच प्लेगचा रोगी वेळेवर रुग्णालयांत पोंचला तर स्ट्रेप्टोमायसीनसारख्या औषधानें बहुधा बरा होतो. आपल्या आजोबांची पिढी आणि आपली पिढी यांच्यामध्यें जी एक भिंत उभी आहे, ती ह्या औषधांची आहे. म्हणूनच ती भिंत कोणीं बांधली, आणि तिच्या विटा आज कोण काढीत आहे, हें पाहणें अगत्याचें आहे.

पहिली वीट जर्मनींत बसली. गेऱ्हार्ट डोमाक यानें प्रॉन्टोसिल नांवाच्या लाल रंगाचे गुण १९३५ सालीं प्रसिद्ध केले. त्याच सुमारास त्याच्या लहान मुलीच्या हातांत सुई शिरून हात सडूं लागला असतां बापानें आपलेंच औषध देऊन तिला वांचविलें. ह्या वर्गांतील सल्फा औषधें पुढील चार वर्षांत युरोप-अमेरिकेंत रुळलीं. पण शत्रूनें वेढलेल्या चिनी डोंगरांत औषधांचा दुष्काळ होता. म्हणजे सुईनें विंधलेला एक हात वांचला आणि सुरीनें कापलेलें एक बोट वांचलें नाहीं. औषध जगांत असणें आणि तें रोग्याच्या उशाशीं असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा ह्या इतिहासाचा पहिला धडा होय.

पेनिसिलीनची कथा बहुतेकांस ठाऊक असते, पण अर्धीच. १९२८ च्या सप्टेंबरांत लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशींत बुरशी उगवली आणि तिच्या भोंवतालचे जंतु विरघळले, एवढें आपण शाळेंत शिकतों. परंतु त्या बुरशींतील औषध शुद्ध करून माणसाला देणें फ्लेमिंगला साधलें नाहीं. तें काम बारा वर्षांनंतर ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन व हीटली यांनीं केलें. २५ मे १९४० रोजीं आठ उंदरांना मारक जंतु टोंचण्यांत आले. त्यांपैकीं चौघांस पेनिसिलीन दिलें. दुसऱ्या दिवशीं तेच चार जिवंत होते. युद्धाचा काळ असल्यामुळें बुरशी वाढविण्यास भांडीं मिळेनात. तेव्हां रुग्णालयांतील शौचपात्रेंदेखील कामास लावण्यांत आलीं.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजीं हें औषध प्रथमच एका मरणोन्मुख रोग्याला देण्यांत आलें. अल्बर्ट अलेक्झांडर हा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई. जंतुदोषानें त्याचा चेहरा पोखरला होता आणि एक डोळा काढावा लागला होता. इंजेक्शन सुरू झाल्यावर एका दिवसांतच त्याला उतार पडूं लागला. ताप उतरला, अन्नावर वासना आली. पण साठा केवढा? चिमूटभर! रोग्याच्या मूत्रांतून बाहेर पडलेलें पेनिसिलीन पुन्हां गाळून काढून त्यालाच टोंचण्यांत येई. पांच दिवसांत तेंही सरलें. रोग पुरता निपटला नव्हता. तो उलटला, आणि १५ मार्च रोजीं शिपायी मरण पावला. त्या वेळीं एकेका कणाचें मोल डॉक्टरांस कळत होतें. आम्हांस हा प्रसंग वाचतांना नेहमीं वाटतें कीं, आपल्या घरांतील प्रत्येक मुलाला तो एकदां तरी सांगावा.

पुढें अमेरिकेंत पिओरिया येथील प्रयोगशाळेनें एका बुरसटलेल्या खरबुजावरील बुरशींतून अनेक पटींनीं अधिक पेनिसिलीन देणारा वाण मिळविला, मोठमोठ्या टाक्यांतून उत्पादन सुरू झालें, आणि १९४४ च्या नॉर्मंडीवरील चढाईच्या वेळीं सैनिकांसाठीं भरपूर साठा तयार होता. आपल्या देशानेंही फार वेळ दवडला नाहीं. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथें पेनिसिलीन निघूं लागलें. तेथेंच एम. जे. तिरुमलाचार यांच्या संशोधनांतून बुरशीच्या रोगांवरील हॅमायसीन हें नवें औषध १९६१ च्या सुमारास पुढें आलें. पुढें ह्या कारखान्यास वाईट दिवस आले, ही गोष्ट निराळी. परंतु ज्या औषधाच्या चिमटीसाठीं १९४१ त ऑक्सफर्डचे पंडित हवालदिल झाले, तें पंधरा वर्षांच्या आंत महाराष्ट्राच्या मातींत पिंपानें तयार होऊं लागलें, ही घटना आमच्या मतें एखाद्या लढाईपेक्षां मोठी आहे.

येथवर हा इतिहास विजयाचा आहे. पण त्याच्या पोटांत दुसरा इतिहास प्रथमपासूनच वाढत होता. १९४० च्या डिसेंबरांत, म्हणजे त्या शिपायाला पहिलें इंजेक्शन मिळण्यापूर्वींच, चेन व त्याचा सहकारी एब्रहॅम यांनीं एक लहानसें टिपण छापलें. कांहीं जीवाणु पेनिसिलीनचा नाश करणारा पदार्थ स्वतःच तयार करतात, असें त्यांना आढळून आलें होतें. शत्रूजवळ ढाल आहे, हें आपली तरवार म्यानांतून निघण्याच्या आधींच कळलें होतें! पुढें ११ डिसेंबर १९४५ रोजीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत फ्लेमिंगनें एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो बाजारांतून पेनिसिलीन आणून स्वतःच घेतो, पण अपुरें घेतो. जंतु मरत नाहींत. उलट औषधाला तोंड देण्यास शिकतात. तेच जंतु त्याच्या पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि तिच्यावर पेनिसिलीन चालत नाहीं. पत्नी मरते. ह्या मरणाला जबाबदार कोण, असा फ्लेमिंगचा प्रश्न होता. ज्याच्या नांवावर हें औषध जगांत प्रसिद्ध झालें त्यानेंच सन्मानाच्या व्यासपीठावरून हा इशारा द्यावा, आणि आपण तो ऐंशी वर्षें ऐकूनही न ऐकल्यासारखा करावा, ह्यास काय म्हणावें?

जंतु 'शिकतात' ही बोलण्याची रीत झाली. प्रत्यक्षांत काय घडतें तें समजून घेतलें पाहिजे. अनुकूल स्थितींत कांहीं जीवाणु दर वीस मिनिटांनीं एकाचे दोन होतात. ह्या हिशोबानें आठ तासांत एकाचे दीड कोटींहून अधिक होतील. इतक्या मोठ्या प्रजेंत सर्वच एका सांच्याचे नसतात. एखाद्याच्या घडणींत सहजगत्या असा कांहीं फेर पडतो कीं औषध त्याला बाधत नाहीं. एरवीं तो इतरांच्या गर्दींत दबून राहतो. पण औषध आलें म्हणजे चाळणी लागते. दुबळे गळून पडतात, आणि चाळणींत तोच एक उरतो. आतां सारें रान त्याला मोकळें! आणखी एक विलक्षण गोष्ट अशी कीं, कित्येक जीवाणु ही विद्या आपल्या वंशापुरती न ठेवतां शेजारच्या निराळ्या जातीच्या जीवाणूंसही देऊन टाकतात. ही चाळणी केवळ रोगाच्या जागीं लागते असें नाहीं. आपल्या आंतड्यांत जे कोट्यवधि निरुपद्रवी जीवाणु नांदतात त्यांनाही ती लागते. म्हणून गरज नसतां घेतलेली एक गोळीसुद्धां निष्फळ जात नाहीं. तिचें फळ वाईट असतें, एवढेंच.

ह्या संकटाला माणसानें बुद्धीनें तोंड दिल्याचें एक उदाहरण आहे, आणि तें क्षयरोगाचें. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ सालीं सांपडलें. ब्रिटनमध्यें त्याची शास्त्रशुद्ध परीक्षा झाली, तिचे निष्कर्ष १९४८ सालीं प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ रोग्यांपैकीं ४ दगावले, तर केवळ विश्रांति घेणाऱ्या ५२ पैकीं १४. सर्वत्र आनंद झाला. परंतु थोड्याच काळांत औषध घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या जंतूंवर तें चालेनासें झालें, आणि कांहीं वर्षांनीं दोन्ही गटांतील अंतर बरेंच पुसलें गेलें. तेव्हां वैद्यांनीं विचार केला कीं, एका औषधाला चुकविणारा जंतु लाखांत एक असेल, पण दोन-तीन औषधांना एकाच वेळीं चुकविणारा जवळजवळ नसेलच. म्हणून अनेक औषधें एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची पद्धति निघाली. मद्रास येथील प्रयोगांनीं १९५९ सालीं दाखवून दिलें कीं हा उपचार गरीब रोग्याला त्याच्या स्वतःच्या घरींही यशस्वीपणें देतां येतो. आमच्या गिरणगांवाच्या चाळींतून ज्यांनीं क्षयरोग्यांच्या खाटा पाहिल्या, त्यांस ह्या वार्तेचें मोल सांगावयास नको. पण ह्या यशाची अट एकच होती: मनाला येईल तेव्हां औषध सोडावयाचें नाहीं. जेथें ती पाळली गेली नाहीं तेथें क्षयाचे असे जंतु निपजले कीं त्यांच्यापुढें आज डॉक्टरही हात टेकतात.

हा सारा इतिहास आम्हांस मुखोद्गत होता. तरी गेल्या वर्षीं दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या घरच्या औषधांच्या डब्यांतून काय निघालें, तें येथें कबूल करणें प्राप्त आहे. अर्ध्या वापरलेल्या पांच पट्ट्या निघाल्या. तीन माणसांच्या, तीन निरनिराळ्या आजारांच्या. एका पट्टीवरील दोन गोळ्या, आमच्या स्मरणाप्रमाणें, आम्हींच एकदां सर्दीवर 'मागच्या खेपेस गुण आला होता' म्हणून घेतल्या होत्या. फ्लेमिंगचा तो कल्पित गृहस्थ आमच्याच खुर्चींत बसलेला होता!

तेव्हांपासून आम्हांस वाटूं लागलें कीं, आपल्या घरांतून एक जुनें शहाणपण हरवलें आहे. आजीच्या काळीं औषध म्हणजे केवळ पुडी नव्हे. वैद्य पुडीबरोबर चार गोष्टी सांगे: मात्रा, काळ, अनुपान आणि पथ्य. आणि त्याआधीं नाडी पाहून निदान करी. औषध गोळीच्या रूपानें पट्टींत बसून दुकानांत आलें, आणि ह्या चार गोष्टी मागें राहिल्या. त्या जुन्या पुड्यांनीं जंतु मरत होते असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु औषध घेण्याची ती शिस्त आजच्या प्रतिजैविकांस तंतोतंत लागू पडते.

प्रथम निदान. प्रतिजैविकें जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीं. साधी सर्दी, इन्फ्लुएन्झा, बहुतेक घसादुखी, डेंग्यू हे विषाणूंचे विकार. जुलाबाचेही पुष्कळ प्रकार ह्या औषधांवांचून, पाणी व मीठ-साखर पोटांत गेल्यानें बरे होतात. सर्दींत शेंबूड हिरवट झाला म्हणजे प्रतिजैविक हवेंच, ही समजूत चुकीची आहे. सर्दीवर गोळी घेतली आणि चार दिवसांनीं सर्दी गेली, तर गोळीनें गेली असें मन म्हणतें. वस्तुतः ती जाणारच होती. म्हणून डॉक्टरांनीं औषध लिहिलें तर कशासाठीं हें नम्रपणें विचारावें. आणि न लिहिलें तर त्यांच्यावर रुसूं नये. त्यांना ह्या वेळीं सांगण्याच्या गोष्टीही आहेत: पूर्वीं एखाद्या औषधानें अंगावर पुरळ उठलें होतें काय, गरोदरपण किंवा अंगावर पाजणें चालू आहे काय, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार आहे काय, दुसरीं कोणतीं औषधें चालू आहेत, विशेषतः रक्त पातळ करणारीं.

मग मात्रा. ती रोग, वय, वजन व मूत्रपिंडाची स्थिति पाहून ठरते; म्हणून थोरल्याची गोळी मोडून धाकट्याला देऊं नये, आणि शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला लावूं नये. मुलांचें पातळ औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणें खुणेपर्यंत पाणी घालून करावें, दर वेळीं हलवावें, बरोबरच्या मापानेंच द्यावें, घरांतील चमच्यानें नव्हे. लिहिलेले दिवस संपल्यावर उरलेलें टाकून द्यावें. पुढच्या तापासाठीं राखूं नये.

तिसरा काळ. 'दिवसांतून तीन वेळां' ह्याचा अर्थ न्याहारी, दुपार व सायंकाळ असा एकापाठोपाठ नव्हे. साधारणतः आठ आठ तासांचें अंतर असा आहे. रक्तांतील औषधाचें प्रमाण फार खालीं गेलें म्हणजे जंतूंना उसंत मिळते. एखादी वेळ चुकली तर आठवतांच घ्यावें. पण पुढची वेळ अगदीं जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन गोळ्या एकदम घेऊं नयेत. आणि किती दिवस? येथें जुन्या उपदेशांत थोडी दुरुस्ती झाली आहे. 'औषध जितकें लांब तितकें बरें' असें आतां मानीत नाहींत. न्यूमोनियासारख्या कित्येक रोगांत पूर्वींपेक्षां कमी दिवसांचा उपचार पुरतो, असें परीक्षांवरून ठरलें आहे. क्षयांत मात्र साध्या प्रकारासही सहसा सहा महिने लागतात. म्हणजे हे दिवस रोगानुसार ठरतात, आणि ते डॉक्टरांनीं ठरवावयाचे. ताप उतरला म्हणून आपणच थांबूं नये, आणि गुण आला म्हणून आपणच आणखी पट्टी आणूं नये. लवकर बरें वाटलें तर त्यांनाच विचारावें.

चौथें अनुपान. प्रत्येक औषधाचें तें निराळें असतें. डॉक्सिसायक्लीनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी व लगेच आडवें होऊं नये, नाहीं तर ती अन्ननलिका भाजते. हिच्याबरोबर तसेंच सिप्रोफ्लॉक्सासीनबरोबर लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताचीं पातळ औषधें घेऊं नयेत. सिप्रोफ्लॉक्सासीन नुसत्या दुधाबरोबरही घेऊं नये, कारण तें नीट शोषलें जात नाहीं. उलट अमॉक्सिसिलीन व क्लॅव्ह्युलॅनेट यांची जोडगोळी जेवणाच्या आरंभीं घेतलेली बरी सोसते. म्हणून 'उपाशीं पोटीं कीं जेवून' हा प्रश्न दर वेळीं विचारण्यास लाजूं नये.

शेवटीं पथ्य. मेट्रोनिडाझोल चालू असतां मद्य वर्ज्य, हें डॉक्टर सांगतातच. किंचित मळमळ वा पातळ शौच बऱ्याच औषधांनीं होतें. पण पाण्यासारखे वारंवार जुलाब किंवा रक्त पडूं लागलें तर कळवावें. अंगावर गांधी उठून ओठ वा चेहरा सुजला, श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें, आणि त्या औषधाचें नांव कायमचें लिहून ठेवावें.

हें सर्व कुटुंबांनीं पाळावयाचें. पण दोष सारा कुटुंबांचाच आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. शंका दूर करण्याच्या तपासणीपेक्षां गोळी लिहिणें सोपें म्हणून ती लिहिणारे डॉक्टर आहेत, आणि चिठ्ठीवांचून ती देणारे दुकानदार आहेत. कोंबड्या व जनावरें लवकर वाढावींत म्हणून त्यांच्या खाद्यांतही हीं औषधें घालण्यांत येत; माणसांसाठीं अखेरचा उपाय म्हणून राखलेलें कोलिस्टिन अशा कामीं वापरण्यास सरकारनें १९ जुलै २०१९ च्या आदेशानें बंदी केली. त्यापूर्वीं ३० ऑगस्ट २०१३ रोजीं औषधनियमांत एच-वन ही नवी अनुसूची घालण्यांत येऊन ती १ मार्च २०१४ पासून अंमलांत आली. तींत अनेक प्रतिजैविकांचा समावेश आहे. तीं विकतांना दुकानदारानें डॉक्टर व रोगी यांचीं नांवें वेगळ्या वहींत नोंदवून ती तीन वर्षें ठेवावयाची असते. पट्टीवरील उभी तांबडी रेघ हीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून न घेण्याची खूण आहे. २०१६ पासून सरकारनें तिचा प्रचार चालविला आहे. ती रेघ किती घरांत ओळखली जाते, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या डब्याला विचारावा.

आणि हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. २०२२ सालीं लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकानें प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासाप्रमाणें, औषधांस न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळें २०१९ ह्या एका वर्षांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें मेलीं. ह्यांत अधिक बळी जातात ते दुबळे: नुकतीं जन्मलेलीं अर्भकें, शस्त्रक्रिया झालेले रोगी, कर्करोगाच्या उपचारानें ज्यांची शक्ति खचली आहे असे. त्यांनीं बहुधा कोणतीही गोळी उगाच खाल्लेली नसते. खाल्लेली असते दुसऱ्यानेंच. इतर औषधांचा दुरुपयोग करणारा स्वतःचें नुकसान करतो. प्रतिजैविकाचा दुरुपयोग करणारा अनोळखी माणसाच्या उशाचें औषध उचलून नेतो. ह्याच जगांत, दुसऱ्या टोंकाला, साध्या पेनिसिलीनवांचून मरणारींही माणसें आहेत. एकाकडे उधळपट्टी आणि दुसऱ्याकडे दुष्काळ, हें दोन्ही एकाच वेळीं चालू आहे.

कोटणीसांच्या घरांतून बाहेर पडतांना पाहुण्याला आम्ही एवढेंच सांगतों कीं, ते व बेथ्यून ज्या दुष्काळांत झगडले तो औषध निर्माण न झाल्याचा, न मिळाल्याचा होता. त्याबद्दल त्यांस कोणी दोष देणार नाहीं. आपल्या नातवंडांच्या वांट्याला जर तोच दुष्काळ पुन्हां आला, जर सुरीनें कापलेल्या बोटानें माणूस पुन्हां मरूं लागला, तर तो औषध असून निकामी झाल्याचा असेल, आणि त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल. आमच्या घरांतील त्या पांच पट्ट्या आम्ही औषधाच्या दुकानदाराच्या सल्ल्यानें नष्ट करविल्या. डबा आतां जवळजवळ रिकामा आहे. तो तसाच राहील अशी आम्ही काळजी घेत आहों.